आन्सेल्म कीफर यांची चित्रं: पेंढा, शिसं, लाख आणि राख यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आन्सेल्म कीफर कोण?

जर्मन चित्रकार आणि शिल्पकार. जन्म ८ मार्च १९४५, दक्षिण जर्मनीतल्या डोनाउएशिंगेन गावात. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा दोन महिने उरले होते, त्यामुळे पडक्या घरांच्या विटा हेच लहानपणीचं खेळणं. फ्रायबुर्गला कायदा आणि भाषांचा अभ्यास सुरू केला, तो सोडून चित्रकलेकडे वळले. फ्रायबुर्गला पेटर ड्रेअर आणि कार्ल्सरुहला होर्स्ट आन्टेस हे त्यांचे शिक्षक. पुढे ड्युसेलडॉर्फला योझेफ बॉइस यांच्याकडे जाणंयेणं होतं. चरबी आणि नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) हे कलेचं सामान असू शकतं, हे बॉइस यांनी आधीच दाखवून दिलेलं होतं.

१९८० साली व्हेनिस बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या, जर्मन दालनात गेओर्ग बाझेलित्स यांच्याबरोबर कीफर यांची चित्रं लागली आणि नाव जगभर गेलं. २००८ साली जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार मिळाला. लेखक-विचारवंतांना दिला जाणारा हा पुरस्कार एखाद्या चित्रकाराला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

साधा पिवळा रंग असताना पेंढा कशाला?

हा प्रश्न सुटला की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून उत्तर जरा लांब.

पाउल सेलान हे जर्मनमध्ये लिहिणारे ज्यू कवी. त्यांचे आईवडील नाझींच्या छळछावणीत गेले. त्यांच्या ‘मृत्यूची फ्यूग’ (फ्यूग म्हणजे एकच सुरावट पुन्हापुन्हा फिरून येणारी संगीतरचना) या कवितेत दोन बायकांचे केस पुन्हापुन्हा येतात: जर्मन मार्गारेटचे सोनेरी, ज्यू शुलामिथचे राखेचे. कीफर यांनी १९८१ साली ‘मार्गारेट’ हे चित्र केलं, सुमारे २८० × ३८० सेंटिमीटरचं. त्यात मार्गारेट कुठेच नाही. करड्या कॅनव्हासवर काडाच्या जुड्या खालून वर चढत जातात, त्यांच्या टोकांना रंगवलेल्या लहान लहान ज्योती आहेत, आणि नाव हातानं लिहिलेलं आहे. केस म्हणजे ते काड.

काड सोनेरी असतं, पण कायम नाही. उन्हानं आधी फिकं पडतं, मग तपकिरी होतं, ठिसूळ होऊन मोडतं. काडी लावली तर क्षणात राख. म्हणजे मार्गारेटच्या केसांतच शुलामिथचे केस दडलेले आहेत. ट्यूबमधल्या पिवळ्या रंगाला हे जमत नाही. तो पिवळा राहतो आणि गप्प बसतो.

१९८३च्या ‘शुलामिथ’मध्ये काळवंडलेल्या विटांचं एक कमानदार दालन आहे. ते विल्हेल्म क्राइस या वास्तुविशारदानं नाझी काळात जर्मन सैनिकांच्या स्मारकासाठी आखलेल्या सभागृहावरून घेतलंय. कीफर यांनी ते काजळलं, भट्टीसारखं केलं आणि अगदी मागे सात बारीक ज्योती ठेवल्या. मारेकऱ्यांसाठी आखलेलं स्मारक बळींचं झालं, तेही एक वीट न हलवता.

चित्राखालच्या पाटीवर सामानाची एवढी लांब यादी का असते?

कारण ती यादी वाचल्याशिवाय चित्र अर्धंच दिसतं. सान फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयातलं ‘ओसायरिस आणि आयसिस’ (१९८५–८७) घ्या. पाटीवर तैलरंग, अॅक्रिलिक इमल्शन, माती, चिनी माती, शिसं, तांब्याची तार आणि सर्किट बोर्ड आहे. इजिप्तची कथा अशी: ओसायरिस देवाचे तुकडे करून ते विखुरले जातात आणि आयसिस ते गोळा करून जोडते. चित्रात एक अवाढव्य पायऱ्यांचा पिरॅमिड, त्याच्या माथ्यावर सर्किट बोर्ड, त्यातून तांब्याच्या तारा निघून चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांपर्यंत गेलेल्या. जोडणी खरोखरच तारेनं केलेली आहे.

पाटीवर ‘इमल्शन’ दिसलं की पाण्यात विरघळणारा, घरच्या भिंतीला लावतो त्या जातीचा रंग समजावा. ‘शेलॅक’ म्हणजे लाख. ‘इलेक्ट्रोलिसिसचा गाळ’ असंही अलीकडच्या चित्रांवर असतं, त्याबद्दल पुढे.

एक चित्र प्रत्यक्षात कसं तयार होतं?

ठरीव कृती नाही, पण टप्पे ओळखता येतात.

सुरुवातीला बहुतेकदा एखादा फोटो किंवा खोल जाणारं दृश्य असतं: नांगरलेलं शेत, रेल्वेचे रूळ, सभागृह. जुन्या चित्रांत फोटो मोठा करून थेट कॅनव्हासवर चिकटवलेला असायचा. त्यावर इमल्शन, अॅक्रिलिक आणि तैलरंगाचे जाड थर. त्यांत वाळू, माती, राख, काड. मग कॅनव्हास जमिनीवर आडवा होतो आणि त्यावर पातळ रंग, पाणी किंवा लाख ओतली जाते. आडवा अशासाठी की ओतलेलं थारोळं करून बसावं. उभ्या कॅनव्हासवर ते नुसतं ओघळेल.

यानंतरचं काम मोडतोडीचं. थर खरवडले जातात, काडावर ज्वाळा सोडतात, वितळलेलं शिसं ओततात. काही कॅनव्हास उघड्यावर ऊनपावसात पडून राहतात. वर्षांनी परत आत येतात आणि काम पुढे सुरू होतं. म्हणूनच एकाच चित्राच्या तारखेत कधी दहा-पंधरा वर्षांचं अंतर असतं.

चित्रशाळेत हे कॅनव्हास चाकांच्या चौकटींवर फिरवले जातात, वर पोचायला वरखाली होणारा यांत्रिक पाळणा असतो, मदतनीस असतात. ब्रश सगळ्यात कमी वापरला जातो म्हटलं तरी चालेल.

कोलोनच्या कॅथेड्रलच्या छपराचं शिसं त्यांनी विकत घेतलं, हे खरं का?

खरं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्या कॅथेड्रलच्या छपरावरचं जुनं शिसं काढलं जात होतं, तेव्हा त्यांनी बराच साठा घेतला. त्यातून पुढे पुस्तकं, विमानं आणि चित्रांवरचे पत्रे झाले.

शिशाची त्यांना ओढ का? युरोपीय किमयागार शिशापासून सोनं करायला निघाले होते, आणि त्यांच्या हिशेबात शिसं हा शनीचा धातू, उदासीचा. (आपल्याकडे शनीचा धातू लोखंड, शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणतात. तिकडे तीच साडेसाती शिशाच्या वाट्याला आलीय.) माणसाच्या इतिहासाचं ओझं पेलायला हाच धातू पुरेसा जड आहे, अशा अर्थाचं ते बोललेले आहेत.

आता व्यवहाराचं. शिशाची घनता ११.३४, म्हणजे १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा सव्वाअकरा किलो भरतो. ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. धातूंच्या मानानं हे फारच कमी, म्हणून साध्या बर्नरवरही ओतता येतं. नखानं ओरखडा उठतो, हातानं वाकतं. आणि उभं टांगलं की स्वतःच्या वजनानं वर्षानुवर्षं हळूहळू खाली ताणलं जातं. वरच्या खिळ्याभोवतीचं भोक लांबट होतं, पत्रा पोटाशी फुगतो. म्हणून असा पत्रा फक्त वरून टांगत नाहीत, मागून पूर्ण फळीचा आधार देतात.

त्यांची शिशाची पुस्तकं उघडून वाचता येतात का?

नाही, आणि मुद्दा तोच आहे. ‘त्स्वाइश्ट्रोमलान्ट’, म्हणजे ‘दोन नद्यांचा देश’ (१९८५–८९), ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध रचना: पोलादी कपाटांच्या दोन रांगा आणि त्यांत शिशाची सुमारे २०० पुस्तकं. ऑस्लोच्या आस्ट्रुप फेअर्नली संग्रहालयात आहे. एक पान उलटायचं तर माणसं लागतील. ज्ञान आहे, रचून ठेवलेलं आहे, पण उचलवत नाही.

लाख म्हणजे आपलीच लाख का?

आपलीच. केरिया लॅक्का हा किडा पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राळेसारखं कवच करतो, ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख होते. झारखंड आणि छत्तीसगड ही तिची मोठी ठिकाणं. पोस्टाच्या पाकिटावरची मोहर, जयपूरच्या बांगड्या आणि जुन्या शिसवी कपाटाचं फ्रेंच पॉलिश, सगळीकडे हीच. सुतार जिला लाखदाणा किंवा चपडा म्हणतो, ती ही.

सुतार स्पिरिटमध्ये पातळ करून कापडाच्या बोळ्यानं दहा-वीस हात देतो. कीफर उलटं करतात: घट्ट लाख भरपूर ओततात. ती वाळून काकवीच्या रंगाचा चकाकता थर होतो, खालचं सगळं जणू मधात बुडाल्यासारखं दिसतं, आणि थर जाड असल्यानं त्याला तडे जातात. शिवाय ती भडकन पेटते. लाक्षागृहाची गोष्ट आपल्याला नवी नाही.

लाख घरी कशी विरघळवायची? आमची पांढरी पडते, चिकट राहते.

पातळ हातासाठी १०० ग्रॅम चपड्याला ५०० मिली पॉलिशचं स्पिरिट. थारोळं करायचं असेल तर तेवढ्याच स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, सकाळी जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळा. लोखंडी डबा नको. लाख लोखंडाशी लागून काळपट होते.

पांढरी का पडते: पावसाळ्यात. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि थर दुधाळ दिसतो. कोरड्या दिवशी दुपारी काम करा. आधीच पांढरी पडलेली असेल तर नुसत्या स्पिरिटचा अगदी हलका हात दिला की बहुतेकदा निवळते.

चिकट का राहते: लाख जुनी झाली. विरघळवलेली लाख सहा महिन्यांत वापरून संपवावी. काचेवर एक थेंब टाकून बघा. पंधरा-वीस मिनिटांत बोटाला लागायचा थांबला पाहिजे. तासाभरानंही ठसा उमटत असेल तर ओतून टाका, चित्रावर ती कधीच नीट वाळणार नाही. जाड थारोळ्याला मात्र ताज्या लाखेनंही आठवडे लागतात. वरचा थर वाळतो आणि आत स्पिरिट अडकून राहतं. एकदम ओतण्यापेक्षा २ मिलिमीटरचे तीन थर, दोन थरांत चार-पाच दिवस, असं बरं.

स्पिरिटजवळ काडेपेटी, उदबत्ती, गॅस काहीही नको, आणि खिडक्या उघड्या हव्यात. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असतं, वाफ डोक्यात जाते.

अलीकडच्या चित्रांतला तो निळसर हिरवा रंग कोणता?

तो बहुतांशी तांब्याचा कळंक. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक राहिलं की जे हिरवं उमटतं, तेच. कीफर विजेचा प्रवाह सोडून (हेच इलेक्ट्रोलिसिस) धातूंच्या क्षारांचा गाळ तयार करतात आणि तो कॅनव्हासवर ओततात किंवा थापतात. गाळ कुठे किती बसेल हे पूर्ण हातात नसतं, आणि ते हातात नसणंच त्यांना हवं असतं.

घरी मिठाच्या पाण्यात तारा सोडून हा प्रयोग करू नका. बंद खोलीत क्लोरीन सुटू शकतो. कळंक हवाच असेल तर तांब्याच्या पत्र्यावर व्हिनेगर आणि मीठ लावून झाकून ठेवा, दोन-तीन दिवसांत हिरवं धरतं. तेही विषारीच, म्हणून हातमोजे घाला आणि वाळल्यावर फुंकर मारू नका.

हिटलरी सलाम ठोकणारे ते फोटो काय आहेत?

१९६९ साली, चोवीस वर्षांचे असताना, कीफर यांनी स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि इटलीत ठिकठिकाणी उजवा हात वर करून स्वतःचे फोटो काढून घेतले. मालिकेचं नाव ‘कब्जे’. १९७५ साली ते फोटो एका कलाविषयक नियतकालिकात छापून आले आणि गदारोळ झाला. जर्मनीत हा सलाम गुन्हा आहे.

फोटो नीट पाहिले तर त्यांत रुबाब नाही. समुद्राकडे तोंड करून, एकटाच, कुणी बघणारं नाही अशा जागी उभा असलेला एक किरकोळ माणूस. घरीदारी ज्याबद्दल कुणी बोलत नव्हतं ते अंगावर घालून बघणं, असं त्याचं स्वरूप होतं. जर्मनीतल्या काही समीक्षकांनी पुढेही त्यांना नाझी प्रतिमांचं आकर्षण असल्याचा आरोप केला. अमेरिकेत मात्र १९८७–८८च्या फिरत्या प्रदर्शनानं मोठं स्वागत झालं. आमच्या मते पेंढा आणि शिशाचं मूळ इथेच आहे. आधी स्वतःचं शरीर सामान म्हणून वापरलं, मग बाकीचं.

चित्रातलं काड गळून पडतं. संग्रहालयं काय करतात?

गळतंच. काचेआड ठेवणं एवढ्या आकाराला नेहमी शक्य नसतं. मग प्रकाश कमी ठेवतात, हवेतला दमटपणा स्थिर ठेवतात, चित्र शक्यतो हलवत नाहीत. पडलेला तुकडा फेकत नाहीत. कुठून पडला त्याची नोंद करून पाकिटात ठेवतात. परत चिकटवायचा की नाही हा निर्णय दर वेळी वेगळा. चित्रं बदलत जाणं कीफर यांना मान्य आहे, पण संग्रहालयानं विमा उतरवलेला असतो, त्यामुळे दोघांची घाई वेगवेगळी.

शिशाचा शत्रू वेगळाच: लाकूड. ओक, प्लायवुड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) यांतून अॅसेटिक आम्लाची अगदी सूक्ष्म वाफ येत राहते. बंद पेटीत ती साठली की शिशावर पांढरी भुकटी धरते. हा शिशाचा कार्बोनेट, म्हणजे एकेकाळी चित्रकार वापरत तो सफेदाच. दिसायला देखणी, पण धातू खात जाते आणि श्वासात गेली तर माणसालाही. अशी भुकटी कोरड्या फडक्यानं कधीही झटकू नये.

त्यांच्या चित्रशाळा एवढ्या चर्चेत का असतात?

कारण त्या गावाएवढ्या आहेत. १९७१पासून जर्मनीतल्या ओडेनवाल्डमधल्या होर्नबाखला, लाकडी माळ्यावर (तोच माळा १९७३च्या चित्रांत दिसतो). १९८०च्या दशकात बुखेनजवळची वीटभट्टी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या बार्जाकला, एका जुन्या रेशीम कारखान्याच्या जागेवर. तिथे सुमारे ४० हेक्टरांत त्यांनी बोगदे, तळघरं, मनोरे आणि एकेका चित्रासाठी एकेक घर उभं केलं. ती जागा २०२२पासून लोकांना बघता येते. पुढे पॅरिसजवळच्या क्रोआसीत एका डिपार्टमेंट स्टोअरचं जुनं गोदाम, जवळजवळ ३५,००० चौरस मीटर.

मिलानचे मनोरे नक्की कशाचे आहेत?

कीफर यांचंच ‘सात स्वर्गीय प्रासाद’, २००४, मिलानच्या हँगरबिकोक्का या कलादालनातलं. साधारण १४ ते १८ मीटर उंचीचे, प्रत्येकी ९० टन वजनाचे सात मनोरे. मालवाहू कंटेनरचा साचा करून काँक्रीटचे भाग ओतले आणि एकावर एक रचले. मजल्यांमध्ये शिशाच्या पाचरी आणि शिशाची पुस्तकं. खालून बघताना ते आत्ता कोसळतील असं वाटतं. मऊ धातूची पाचर ही गवंड्यालाही पटेल अशी युक्ती आहे: काँक्रीटच्या खडबडीत कडा तिच्यात रुततात आणि भार एका टोकावर न येता पसरतो.

भारताशी काही संबंध?

१९९०च्या दशकात ते भारतात फिरले आणि वीटभट्ट्यांचे फोटो काढले. रचलेल्या कच्च्या विटांचे ते डोंगर पुढे त्यांच्या वाळू-मातीच्या चित्रांत पिरॅमिड होऊन आले. भट्टी रचायची, भाजायची, मोडायची, पुन्हा रचायची. बार्शी-पंढरपूरच्या रस्त्यानं जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मुंबईत २०२३च्या वसंतात बांद्रा-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या ‘संगम’ या उद्घाटनाच्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं. जेफ्री डाइच आणि रणजित होसकोटे यांनी त्याची आखणी केली होती. एरवी युरोपात जाणं झालं तर बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ संग्रहालयातलं शिशाचं विमान, मिलानचे मनोरे आणि लूव्ह्रमधलं २००७चं कायमस्वरूपी काम, हे तीन चुकवू नका.

आम्ही विद्यार्थी आहोत. काड-मातीचं छोटं चित्र करून बघायचं, कुठून सुरू करू?

६० × ९० सेंटिमीटरपासून. कॅनव्हास नको, तो हलतो आणि जाड थर फुटतो. १२ मिलिमीटरचा पाणी सोसणारा प्लायवुड घ्या आणि मागे २ × १ इंचाची लाकडी चौकट मारा, नाहीतर एका बाजूनं ओलावा लागल्यावर फळी वाकडी होते. पुढून-मागून आणि कडांनाही प्रायमरचे दोन हात.

काड गव्हाचं घ्या. भाताचा पेंढा लवचिक असतो पण करड्या रंगाकडे झुकतो, आणि सोनेरी झाक लवकर जाते. वरची पाती सोलून फक्त नळी ठेवा. तीन-चार कडक उन्हं द्या. फ्रिजरची सोय असेल तर घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे उणे १८ अंशांत ठेवा, आतली अळी-अंडी मरतात. एवढ्या फळीला १०० ते १५० ग्रॅम पुरतं. पोतंभर आणू नका.

माती-वाळूचा थर: पिठाच्या चाळणीनं चाळलेली वाळू ३ वाट्या, अॅक्रिलिक मीडियम (रंग न घातलेला अॅक्रिलिकचा चिकट द्रव) १ वाटी. फेव्हिकॉल चालेल, पण तो पुढे पिवळा पडतो आणि ओलाव्यात पुन्हा मऊ होतो. एका वेळी ३ मिलिमीटरहून जाड थापू नका. नुसती चिकणमाती घातली तर ती वाळताना आकसते आणि भेगा पडतात. भेगा हव्या असतील तर खाली गोणपाट किंवा मांजरपाट चिकटवून घ्या, म्हणजे भेग पडली तरी खपली गळणार नाही.

काड थर ओला असतानाच दाबा. वाळलेल्या थरावर डिंकानं चिकटवलेलं काड महिन्याभरात सुटतं, कारण नळी गोल असते आणि एका रेषेवरच टेकते. नळी चिमटीत चेपून लावली तर पकड दुप्पट होते. वर मीडियम आणि पाणी समप्रमाणात करून एक हात.

राख वापरणार असाल तर चुलीची राख धुऊन घ्या: बादलीत पाणी घालून ढवळा, गाळ बसला की वरचं पाणी ओता, असं तीन वेळा. न धुतलेल्या राखेत खार असतो. तो हात सोलतो, अॅल्युमिनियम खातो आणि पावसाळ्यात पृष्ठभागावर पांढरा फुलून येतो.

थरांचा क्रम लक्षात ठेवा: पाण्याचे रंग खाली, तेलाचे वर. तैलरंगावर अॅक्रिलिक दिलं की साल निघते. कीफर हा नियम मुद्दाम मोडतात. त्यांना साल निघायला हवी असते. तुम्हाला हवी आहे का ते आधी ठरवा.

काड चित्रावरच जाळून बघू का?

नको. लाखेनं किंवा स्पिरिटनं माखलेल्या फळीवर तर कधीच नको. काड आधी अंगणात, लोखंडी घमेल्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून हवं तेवढं जाळा, पूर्ण गार होऊ द्या, मग चिकटवा. डोळ्याला फरक कळत नाही.

आणि शिसं?

घरी वितळवू नका. जुन्या बॅटरीतलं तर अजिबात नाही, त्यात आम्लही असतं. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं स्वस्त मिळतं म्हणून ते गॅसवर वितळवणारे विद्यार्थी असतात. शिशाची धूळ भांड्यांवर, हातांवर, जेवणात जाते आणि शरीरात साठत राहते. लहान मुलांना थोडंही घातक. भारतात २०१७च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणली ती यासाठीच.

शिशासारखं दिसायला सोपा पर्याय आहे: चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या जाड कागदाला पातळ लाखेचा एक हात द्या, तो चिकट असताना ग्रॅफाइटची पूड चोळा, वाळल्यावर चमच्याच्या पाठीनं घोटा. करडी, जड, निवांत चकाकी येते. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, तेव्हा ही फसवणूक जुनीच आहे. वाकवायला धातूच हवा असेल तर जस्ताचा पातळ पत्रा घ्या; मिठाच्या पाण्यानं पुसून ठेवला की त्याची चकाकी जाते.

पावसाळ्यात चित्राला बुरशी आली. गेलं का?

बहुधा नाही. आधी मास्क लावा, चित्र हवेशीर सावलीत वाळवा, पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशनं बुरशी बाहेरच्या बाजूला झटका. ओली असताना पुसली तर ती काडाच्या नळीत आत ढकलली जाते. मग कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून टिपा, पण लाख असलेल्या जागी नाही, ती विरघळेल. कोकणात किंवा मुंबईत असाल तर चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका आणि मागे बुचाचे चार तुकडे चिकटवून बोटभर फट ठेवा. कसर आणि वाळवी दोन्ही मागूनच येतात.

प्रदर्शनासाठी टेम्पोनं पाठवायचं आहे. कसं बांधू?

आडवं, चेहरा वर. उभं नेलं तर दर खड्ड्याला काड गळेल. चित्राच्या कडेला सर्वांत उंच काडीपेक्षा दोन इंच जास्त उंचीची लाकडी चौकट स्क्रूनं मारा आणि झाकण त्या चौकटीवर टेकवा. पृष्ठभागाला काहीच लागता कामा नये. बबल रॅप थेट चित्रावर टाकू नका: टेम्पोच्या हौद्यात उन्हानं लाख मऊ होते आणि बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उठतात. तळाशी ब्राऊन पेपर अंथरा. पोचल्यावर त्यावर पडलेलं सगळं काड पाकिटात भरून, तारीख घालून, चित्राच्या मागे चिकटवा.